फट्टा, बल्ली आणि रस्सी

वडनेरसारख्या गावातला मुलगा एनडीएची, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची, लेखी परीक्षा पास झाला की घरातले पहिला प्रश्न विचारतात, "मग मुलाखत कधी?" हिंगणघाटला गाडी धरून मुलगा निवड मंडळापुढे जायला भोपाळला उतरतो, तेव्हा त्याला कळतं की मुलाखत हा पाच दिवसांच्या निवडीतला एक तुकडा आहे. पहिल्याच दिवशी छाननी होते आणि बरेच जण त्याच संध्याकाळी परततात. उरलेल्यांच्या छातीवर आकड्याचा कापडी पट्टा असतो. इथे नाव नाही, 'चेस्ट नंबर'.

मग मैदान. समोर एक फळी, एक लाकडी ओंडका आणि दोर. उमेदवारांच्या बोलीत फट्टा, बल्ली आणि रस्सी. आठ-दहा जणांनी मिळून सामानासकट पलीकडची रेघ गाठायची. लाल रंगाला ना माणसाने शिवायचं, ना सामानाने. चार फुटांहून जास्त अंतर उडी मारून ओलांडायचं नाही. तिथे पूलच बांधायचा. म्होरक्या कोण, हे कुणीही सांगत नाही. अधिकारी नियम समजावून बाजूला उभा राहतो आणि बघत राहतो.

या साध्या लाकूडसामानाचं कूळ मात्र थेट बर्लिनपर्यंत जातं. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मन सैन्याला १ लाखाची मर्यादा घातली, त्यात अधिकारी फक्त ४ हजार. एवढ्या थोड्यांची निवड चुकून चालणार नव्हतं. मग तिथे मानसशास्त्रज्ञ उमेदवारांना दिवसचे दिवस निरखू लागले. मॅक्स सिमोनाइट हे त्यातलं मोठं नाव.

ब्रिटनमध्ये तेव्हा जुनाच शिरस्ता होता. काही मिनिटांची मुलाखत, शाळा कोणती, वडील काय करतात. दुसरं महायुद्ध पेटल्यावर हे अंगाशी आलं. १९४१ पर्यंत प्रशिक्षणाला पाठवलेले कितीतरी उमेदवार नापास होऊन परत येऊ लागले. स्कॉटलंडमधले सेनापती अँड्र्यू थॉर्न पूर्वी बर्लिनमध्ये लष्करी प्रतिनिधी होते. तिथली पद्धत त्यांना ठाऊक होती. त्यांच्या पाठिंब्याने एडिंबरामध्ये प्रयोग सुरू झाला आणि १९४२ मध्ये पहिलं निवड मंडळ उभं राहिलं.

म्होरक्या न नेमण्याची युक्ती तिथल्या विल्फ्रेड बायन या मनोविकारतज्ज्ञाची. पहिल्या महायुद्धात ऐन तरुण वयात रणगाडे चालवलेला हा माणूस १८९७ मध्ये जन्मला तो आपल्या मथुरेत. वडील पाटबंधारे खात्यात अभियंता. आठव्या वर्षी शिक्षणासाठी त्याला विलायतेला धाडलं. बायनचं म्हणणं असं की पूल बांधणं ही खरी परीक्षा नव्हेच. मुलाला स्वतः चमकायचं असतं, आणि ज्यांच्या हातांशिवाय काम होणार नाही तेच त्याचे स्पर्धक असतात. या ओढाताणीत तो काय करतो, ते पाहायचं. पावसाळ्यात काळ्या मातीत रुतलेली बंडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे वेगळं समजावायला नको. कुणी काठावरून ओरडतो, कुणी न बोलता चाकाला खांदा लावतो, आणि एखादा दोघांना नेमक्या जागी उभं करून बैलांना हाक देतो.

१९४३ मध्ये डेहराडूनला भारतातलं पहिलं असं मंडळ सुरू झालं. स्वातंत्र्यानंतर, १९४९ मध्ये, त्यामागच्या मानसशास्त्राचं काम पाहणारा स्वतंत्र विभाग निघाला. आज ती दिल्लीतली संरक्षण मानसशास्त्र संशोधन संस्था. आपल्याकडे ही पद्धत काया-वाचा-मने या जुन्या त्रिसूत्रीत चपखल बसली. कृती मैदानावरचा अधिकारी बघतो, वाणी मुलाखतकार, मन मानसशास्त्रज्ञ. १५ सेकंदांना एक याप्रमाणे ६० शब्द समोर येतात आणि प्रत्येकावर सुचेल ते वाक्य लिहायचं. अस्पष्ट चित्रांवर चार-चार मिनिटांत गोष्टी लिहायच्या. शेवटचं चित्र कोरं. ही चित्रांची कल्पना हार्वर्डच्या हेन्री मरे आणि क्रिस्तियाना मॉर्गन यांची, १९३५ मधली. तिघे परीक्षक एकमेकांशी काही न बोलता तेच १५ गुण शोधत असतात: जबाबदारीची जाणीव, सहकार्य, झटपट निर्णय, धाडस, चिकाटी वगैरे.

महाराष्ट्राने या वाटेवर पावलं टाकली आहेत. देशातली पहिली सैनिकी शाळा १९६१ मध्ये साताऱ्यात निघाली, १९७७ मध्ये औरंगाबादला राज्य सरकारची सैनिकी सेवापूर्व शिक्षणसंस्था आणि २०१९ मध्ये वर्ध्याच्या शेजारी चंद्रपुरात सैनिकी शाळा. तरीही खेड्यातल्या मुलांना ही परीक्षा इंग्रजीची आणि रुबाबाची वाटते, याची खंत वाटते. मग शिकवणीत तयार गोष्टी पाठ करून पोरं जातात, आणि मैदानावर त्यांचं स्वतःचं काहीच दिसत नाही. खरं तर 'कुणाचा मुलगा' हा प्रश्न मोडून काढण्यासाठीच हे सगळं उभं राहिलं. इथे जागा मोजल्या जात नाहीत. पात्र ठरले तर गटातले सगळेही निवडले जातात, आणि कुणीच पात्र ठरलं नाही तर एकही नाही.

पाचव्या दिवशी तिघे परीक्षक पहिल्यांदा आपापली मतं एकत्र मांडतात. मुलगा आत येतो, दोन-चार प्रश्नांना उत्तरं देतो, बाहेर जातो. थोड्या वेळाने सगळ्यांना एकत्र बसवून चेस्ट नंबर पुकारले जातात. ज्यांचे नंबर येतात ते वैद्यकीय तपासणीसाठी थांबतात. बाकीचे पट्टा परत देऊन स्टेशनची वाट धरतात. त्यातले काही पुढच्या अर्जाच्या तारखा गाडीतच बघायला लागतात.