होम थिएटर रिसीव्हर

होम थिएटर रिसीव्हर, अर्थात एव्ही रिसीव्हर, हे घरगुती चित्रपट-श्रवणव्यवस्थेतील मध्यवर्ती उपकरण आहे. सेट-टॉप बॉक्स, ब्लू-रे प्लेअर, गेमिंग कन्सोल, दूरचित्रवाणी संच इत्यादींकडून येणारे संकेत स्वीकारणे, त्यांतील ध्वनी निरनिराळ्या वाहिन्यांत उलगडणे, तो विवर्धित करून स्पीकरांना पुरवणे आणि चित्र पडद्याकडे पाठवणे ही त्याची मुख्य कामे होत. त्यात रेडिओचा ट्यूनरही असतो. ‘रिसीव्हर’ हे नाव त्यावरूनच रूढ झाले.

या उपकरणाचे निरनिराळे भाग वेगवेगळ्या गतीने कालबाह्य होतात. विवर्धक म्हणजे ॲम्प्लिफायर आणि त्याला जोडलेले स्पीकर नीट वापरल्यास दशकभर किंवा त्याहून अधिक टिकतात. चित्र व ध्वनीची अंकीय मानके मात्र काही वर्षांतच बदलतात. त्यामुळे मर्यादित खर्चात रिसीव्हर घेताना कोणत्या सोयी नंतर जोडता येतील आणि कोणत्या पहिल्याच खरेदीत मिळवाव्या लागतील, हा भेद महत्त्वाचा ठरतो.

## इतिहास

रेडिओ ट्यूनर व दोन वाहिन्यांचा विवर्धक एकाच पेटीत असलेले स्टिरिओ रिसीव्हर १९६० व १९७० च्या दशकांत लोकप्रिय होते. १९८२ मध्ये डॉल्बी सराउंड आणि १९८७ मध्ये डॉल्बी प्रो लॉजिक या पद्धतींमुळे चित्रपटगृहातील सभोवती ध्वनी घरात आला. डॉल्बी डिजिटल १९९२ मध्ये आणि डीटीएस १९९३ मध्ये चित्रपटगृहांत अवतरले. पुढे डीव्हीडीच्या प्रसारामुळे ५.१ वाहिन्यांचा ध्वनी घरगुती वापरात स्थिरावला. २००२ मध्ये एचडीएमआय मानक प्रसिद्ध झाल्यावर चित्र आणि ध्वनी एकाच केबलमधून वाहू लागले. डॉल्बी ॲटमॉस २०१२ मध्ये चित्रपटगृहांत व २०१४ मध्ये घरगुती रिसीव्हरांत आले. डीटीएस:एक्स २०१५ मध्ये आले.

भारतात दीर्घकाळ ‘होम थिएटर’ म्हणजे डीव्हीडी प्लेअर, पाच छोटे स्पीकर आणि एक सबवूफर असा एकाच खोक्यात मिळणारा संच, असा अर्थ रूढ होता. अशा संचांत विवर्धक बहुधा प्लेअरमध्ये किंवा सबवूफरमध्ये बसवलेला असे आणि स्पीकरांची जोडणी अनेकदा त्या कंपनीपुरती मर्यादित असे. त्यामुळे डीव्हीडी वाचणारी लेन्स निकामी झाली की उरलेल्या संचाचा उपयोगही बराचसा संपे. स्वतंत्र रिसीव्हरच्या रचनेत प्रत्येक भाग वेगळा बदलता येतो. तिचा मुख्य फायदा हाच आहे.

## वाहिन्यांचे आकडे

५.१ या संख्येतील पहिला अंक ऐकणाऱ्याभोवतीचे स्पीकर दाखवतो (पुढील डावा, पुढील उजवा, मध्य आणि दोन बाजूंचे) आणि दुसरा अंक सबवूफर दाखवतो. ५.१.२ मधील शेवटचा अंक छतातील किंवा छताकडे ध्वनी फेकणाऱ्या स्पीकरांचा असतो. सात वाहिन्यांचा विवर्धक असलेला ॲटमॉस-सक्षम रिसीव्हर ७.१ किंवा ५.१.२ अशा दोन्ही मांडण्यांत वापरता येतो. ५.२ किंवा ७.२ असे लिहिलेल्या स्वस्त रिसीव्हरांत सबवूफरच्या दोन्ही जोडण्यांतून बहुधा एकच संकेत बाहेर पडतो. दोन सबवूफरांचे स्वतंत्र नियंत्रण त्यातून मिळतेच असे नाही.

सोनीने २०१८ मध्ये आणलेली दोन प्रारूपे या संदर्भात बोलकी आहेत. एसटीआर-डीएच५९० हे ५.२ वाहिन्यांचे असून त्यात ॲटमॉस नाही; एसटीआर-डीएच७९० हे ७.२ वाहिन्यांचे असून त्यात ॲटमॉस व डीटीएस:एक्स दोन्ही आहेत. पहिले घेऊन नंतर छतातील स्पीकर आणले, तरी त्यांना द्यायचा ध्वनी उलगडण्याची सोय त्यात नसते. दुसरे घेऊन सुरुवातीला केवळ दोन स्पीकर जोडले, तर उरलेल्या वाहिन्या पुढील वाढीसाठी राखून राहतात.

## जोडण्या

### एचडीएमआय

* १.४ (२००९): दूरचित्रवाणीचा ध्वनी त्याच केबलने रिसीव्हरकडे परत आणणारी एआरसी ही सोय.
* २.० (२०१३): सेकंदाला १८ गिगाबिटपर्यंत वहन, ४के चित्र ६० हर्ट्झने.
* २.१ (२०१७): ४८ गिगाबिटपर्यंत वहन, ४के चित्र १२० हर्ट्झने, सुधारित ईएआरसी.
* २.२ (२०२५): ९६ गिगाबिटपर्यंत वहन.

साध्या एआरसीमधून डॉल्बी डिजिटल प्लस या संकुचित स्वरूपातील ॲटमॉस जाऊ शकते, आणि ओटीटी सेवा ॲटमॉस मुख्यतः याच स्वरूपात पुरवतात. ब्लू-रे चकतीवरील डॉल्बी ट्रूएचडी या हानिरहित ध्वनीसाठी प्लेअर थेट रिसीव्हरला जोडावा लागतो, किंवा दूरचित्रवाणी व रिसीव्हर या दोहोंत ईएआरसी लागते. प्रकाशीय म्हणजे ऑप्टिकल केबलमधून हानिरहित बहुवाहिनी ध्वनी जात नाही.

चित्राचे मानक सर्वांत लवकर बदलते, म्हणून नवनव्या आवृत्तीसाठी जादा पैसे मोजणे मर्यादित खर्चात क्वचितच परवडते. २०२० मध्ये बाजारात आलेल्या एचडीएमआय २.१ च्या पहिल्या काही रिसीव्हरांतील एका चिपमध्ये दोष आढळला होता. एक्सबॉक्स सिरीज एक्स या कन्सोलचे १२० हर्ट्झचे ४के चित्र त्यांतून नीट पुढे जात नव्हते, आणि उत्पादकांना जोड-उपकरण पुरवणे किंवा अंतर्गत बोर्ड बदलून देणे असे उपाय करावे लागले. कन्सोल थेट दूरचित्रवाणीला जोडून ध्वनी तेवढा ईएआरसीने रिसीव्हरकडे आणला, तर रिसीव्हरच्या चित्रक्षमतेचा प्रश्नच उरत नाही. मात्र काही दूरचित्रवाणी संच डीटीएस ध्वनी पुढे पाठवत नाहीत. त्यामुळे संचाची क्षमता आधी तपासावी लागते.

### प्री-आउट

विवर्धनापूर्वीचा संकेत बाहेर देणाऱ्या जोडणीला प्री-आउट म्हणतात. सबवूफरसाठी ती जवळजवळ सर्वच रिसीव्हरांत असते. पुढील डाव्या-उजव्या वाहिन्यांसाठीही ती असल्यास पुढे स्वतंत्र शक्तिशाली विवर्धक जोडता येतो आणि रिसीव्हर केवळ ध्वनिप्रक्रियेपुरता वापरता येतो. सर्वांत स्वस्त श्रेणीत ही सोय सहसा नसते. ती असलेला वरच्या श्रेणीतील जुना रिसीव्हर काही वेळा नव्या स्वस्त रिसीव्हरपेक्षा अधिक उपयोगी ठरतो. मात्र जुन्या उपकरणातील प्रत्येक एचडीएमआय जोडणी चालते की नाही हे खरेदीपूर्वी पाहावे लागते.

## शक्तीचे आकडे

भारतीय बाजारात एकेकाळी टेपरेकॉर्डर व संगीतसंचांवर हजारो वॅट ‘पीएमपीओ’ छापलेले असत. त्या आकड्यांना सर्वमान्य मोजणीचा आधार नव्हता. आजही एकाच रिसीव्हरसाठी दोन भिन्न आकडे दिलेले आढळतात. दोन वाहिन्या एकाच वेळी चालवून, ८ ओहम संरोधावर, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ या संपूर्ण पट्ट्यात आणि अत्यल्प विकृतीसह मोजलेला आकडा विश्वसनीय मानला जातो. एकच वाहिनी, ६ ओहम, केवळ १ किलोहर्ट्झ आणि १० टक्के विकृती अशा अटींवर काढलेला आकडा त्याहून बराच मोठा दिसतो. अमेरिकेत अशा जाहिरातींवर नियंत्रण आणणारा नियम १९७४ मध्ये आला; २०२४ मध्ये त्यात सुधारणा झाली.

शक्ती दुप्पट केल्याने ध्वनिपातळी केवळ ३ डेसिबलने वाढते. ८७ डेसिबल संवेदनक्षमतेच्या स्पीकरऐवजी ९० डेसिबलचा स्पीकर घेतल्यानेही तेवढाच परिणाम साधतो. फ्लॅटमधील मध्यम आकाराच्या दिवाणखान्यात दोन-तीन मीटरवरून ऐकताना सरासरी काही वॅटच खर्च होतात. उरलेली शक्ती क्षणिक स्फोट व नगाऱ्यासारख्या आघातांसाठी लागते. म्हणून ७० की ९० वॅट या फरकासाठी खर्च करण्यापेक्षा चांगले स्पीकर घेणे अधिक हितावह असते.

## टप्प्याटप्प्याने वाढ

नंतर जोडता किंवा बदलता येणाऱ्या बाबी:

* स्पीकर व सबवूफर
* स्ट्रीमिंग उपकरण, चकती-प्लेअर, कन्सोल
* प्री-आउट असल्यास बाह्य विवर्धक

नंतर वाढवता न येणाऱ्या बाबी:

* रिसीव्हरमधील वाहिन्यांची संख्या
* ध्वनिस्वरूपे उलगडण्याची क्षमता (अपवादात्मक प्रसंगीच ती सॉफ्टवेअरने वाढते)
* एचडीएमआय जोडण्यांची संख्या व आवृत्ती, ईएआरसी
* मायक्रोफोनने खोलीचा ध्वनी मोजून दुरुस्ती करणारी यंत्रणा

शेवटच्या बाबीकडे खरेदीच्या वेळी बरेचदा दुर्लक्ष होते. ऑडिसी, यामाहाची वायपाओ, डिराक लाइव्ह या अशा यंत्रणा आहेत. लहान, उघड्या भिंतींच्या आणि लादीच्या जमिनीच्या खोलीत त्यांचा उपयोग अधिक जाणवतो.

स्पीकरांची वाढ सामान्यतः पुढील क्रमाने केली जाते: प्रथम पुढील दोन चांगले स्पीकर, मग सबवूफर, नंतर मध्य, मग बाजूचे दोन आणि अखेरीस छतातील. मध्य स्पीकर नसताना रिसीव्हरमध्ये तशी नोंद केल्यास संवाद पुढील दोन स्पीकरांतून उमटतात आणि मधोमध बसणाऱ्यास ते पडद्यातूनच आल्यासारखे वाटतात. पाच हलके स्पीकर एकदम घेण्यापेक्षा दोन चांगले घेऊन पुढे भर घालणे, हा अल्प खर्चातील टिकाऊ मार्ग समजला जातो.

## उल्हासनगर–अंबरनाथ–बदलापूर पट्ट्यातील वापर

मध्य रेल्वेच्या कल्याण–कर्जत मार्गावरील या पट्ट्यात मध्यमवर्गीय वसाहत झपाट्याने वाढली आहे. कुळगाव–बदलापूर नगरपरिषद क्षेत्राची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत सुमारे ९८ हजार होती; ती २०११ मध्ये सुमारे १ लाख ७४ हजार झाली. नवा फ्लॅट, त्याचे हप्ते आणि त्यातून उरणारी मर्यादित रक्कम अशा स्थितीत रिसीव्हरची खरेदी टप्प्यांत करणे स्वाभाविक ठरते. त्या दृष्टीने येथील पुढील बाबी विचारात घ्याव्या लागतात.

तारांची सोय. अंतर्गत सजावटीच्या वेळी, भिंतीचा गिलावा व रंग पूर्ण होण्याआधी, मागील व छतातील स्पीकरांसाठी नळी टाकून घेणे स्वस्त पडते. नंतर तेच काम तोडफोडीचे होते. एचडीएमआयची नळी प्लग ओवला जाईल इतकी रुंद असावी लागते, म्हणजे मानक बदलल्यावर केबल ओढून नवी घालता येते. स्पीकरसाठी शुद्ध तांब्याची तार घ्यावी. तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या तारेचा रोध अधिक असतो.

वीज व हवामान. येथील वीजपुरवठा महावितरणकडून होतो. पुरवठा खंडित होऊन परत येताना, तसेच वळवाच्या पावसात विजा पडताना दाब अचानक वाढू शकतो. त्यामुळे योग्य अर्थिंग आणि सर्ज संरक्षक आवश्यक असतात; वादळात प्लग काढून ठेवणे अधिक सुरक्षित. रिसीव्हर तापतो, म्हणून तो टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात ठेवू नये. उल्हास नदीकाठचा सखल भाग २६ जुलै २००५ च्या पुरात बुडाला होता. २७ जुलै २०१९ रोजी पुराच्या पाण्यामुळे महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर–वांगणी दरम्यान अडकली होती. अशा भागातील तळमजल्यावर रिसीव्हर व सबवूफर जमिनीलगत ठेवणे धोक्याचे असते.

शेजार. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रातील मर्यादा दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल आहे. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. खाजगी ध्वनियंत्रणेचा आवाज आपल्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून अधिक वाढता कामा नये. सबवूफरचे मंद्र स्वर स्लॅबमधून खालच्या घरात उतरतात; सबवूफरखाली रबरी बैठक देणे आणि रिसीव्हरमधील रात्रीची ध्वनिस्थिती वापरणे हे त्यावरचे साधे उपाय आहेत.

खरेदी. मुंबईत ग्रँट रोड स्थानकाजवळील डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, म्हणजेच लॅमिंग्टन रोड, हा इलेक्ट्रॉनिक वस्तूंचा जुना बाजार आहे. तेथे किंवा अन्यत्र घेताना भारतातील हमीपत्र व पक्के बिल पाहावे लागते. परदेशस्थ नातेवाइकांनी अमेरिकेतून आणलेला रिसीव्हर बहुधा १२० व्होल्टचा असतो. भारतातील २३० व्होल्टवर तो थेट लावल्यास जळतो. त्याचा मध्यम लहरींचा ट्यूनर १० किलोहर्ट्झच्या टप्प्यांनी सरकतो, तर भारतातील केंद्रे ९ च्या टप्प्यांवर आहेत. सेटिंगमध्ये टप्पा बदलता येत नसेल, तर आकाशवाणी मुंबईची ५५८ किलोहर्ट्झ ही वारंवारता त्यावर नेमकी लावता येत नाही.

## दुरुस्ती व उत्पादकांचे सातत्य

२० ऑक्टोबर २०२० रोजी जपानमधील नोबेओका येथील असाही कासेई मायक्रोडिव्हायसेस या कंपनीच्या कारखान्याला आग लागली. अंकीय ध्वनीचे रूपांतर करणाऱ्या चिपांचा पुरवठा त्यामुळे जगभर विस्कळीत झाला. मे २०२२ मध्ये ऑन्कियो होम एंटरटेनमेंट दिवाळखोरीत गेली व तिचे नाममुद्रेचे हक्क इतरांकडे गेले. त्यामुळे सुटे भाग व जवळचे अधिकृत सेवाकेंद्र हे खरेदीचे निकष ठरतात.

## पर्याय

केवळ संवाद स्पष्ट ऐकू यावेत एवढीच गरज असल्यास साउंडबार पुरेसा होतो. त्यात वाढ मात्र उत्पादकाने ठरवलेल्या जोड-स्पीकरांपुरतीच होते. संगीत मुख्य असल्यास एचडीएमआय एआरसी असलेला दोन वाहिन्यांचा विवर्धक त्याच किमतीत अधिक चांगला ध्वनी देऊ शकतो, परंतु सभोवती ध्वनीची वाट तेथे बंद होते. निकामी रिसीव्हर ई-कचऱ्यात मोडतो. त्याची विल्हेवाट १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ नुसार नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्यांमार्फत लावणे अपेक्षित आहे.

## हेही पाहा

* ध्वनिवर्धक
* डॉल्बी ॲटमॉस
* एचडीएमआय
* बदलापूर