नकला पुसण्याची तहकुबी

संगणकाच्या स्मृतीचा कारभार ज्या मूळ दप्तरावर चालतो, त्या पेज टेबलातली (कोणत्या पत्त्यामागे स्मृतीचे कोणते पान, हे सांगणाऱ्या कोष्टकातली) एखादी नोंद रद्द झाली, तरी प्रोसेसरने स्वतःच्या सोयीसाठी जवळ बाळगलेली तिची नक्कल आपोआप नष्ट होत नाही. तलाठ्याच्या दप्तरी फेरफार पडल्यावरही जुना सातबारा कुणाच्या खिशात राहावा आणि त्याच्या भरवशावर त्याने परक्या शेतात नांगर घालावा, तसाच हा प्रकार. नकलांच्या या लहानशा साठ्याला टीएलबी म्हणतात. तो किती काळ न पुसता निभावून नेता येईल, याविषयी कर्नेल, म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा, लिहिणाऱ्यांनी जी परंपरा निर्माण केली, ती वरकरणी आळसाची वाटली, तरी वस्तुतः मुदत आणि जामीन ठरवण्याची आहे.

मँचेस्टर विद्यापीठात टॉम किलबर्न यांच्या नेतृत्वाखाली सिद्ध होऊन १९६२ साली सुरू झालेल्या ॲटलस यंत्रात हा पेच नव्हता, कारण तिथे मुख्य स्मृतीतल्या ५१२ शब्दांच्या ३२ पानांमागे प्रत्येकी एक रजिस्टर असे आणि त्यातली नोंद हीच अस्सल होती. पुढे स्मृती विस्तारली, दप्तर स्मृतीतच ठेवणे भाग पडले आणि नकलांचा जन्म झाला. आयबीएमच्या ३७० मालिकेत सगळा साठा एका फटक्यात रिता करणारी आज्ञा आली. १९८५ च्या इंटेल ८०३८६ मध्येही एका प्रक्रियेकडून दुसरीकडे जाताना नवे कोष्टक लावले की साठ्यातल्या बत्तीसही नोंदी जात, आणि एकच नोंद वेचून पुसण्याची सोय होण्यास ४८६ उजाडावा लागला.

खरी अडचण अनेक प्रोसेसरांच्या यंत्रांत उद्भवली. एका प्रोसेसरला दुसऱ्याच्या साठ्यात परस्पर हात घालता येत नसे; म्हणून कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या ‘माख’ कर्नेलच्या कर्त्यांनी, ज्यांत डेव्हिड ब्लॅक आणि रिचर्ड रशीद होते, १९८९ साली ‘शूटडाऊन’ची रीत मांडली. नोंद बदलणाऱ्याने इतरांना व्यत्ययाचा निरोप धाडायचा, ते हातचे काम टाकून थबकेपर्यंत वाट पाहायची, मग बदल करायचा, आणि त्यानंतरच त्या ताटकळलेल्यांनी आपापल्या नकला पुसून पुन्हा कामाला लागायचे. रीत निर्दोष, परंतु प्रोसेसर वाढत गेले तसतशी खर्चिक. आणि खर्च डोळ्यांत भरू लागला की तहकुबीचा विचार सुचतो.

लिनक्समध्ये हा विचार दोन वाटांनी गेला, आणि त्यांतला भेद माझ्या मते या साऱ्या प्रकरणाचे मर्म आहे. पहिल्या वाटेचा नमुना म्हणजे १९९९ साली लिनक्सचे कर्ते टोरवाल्ड्स यांच्या कल्पनेवरून इंगो मोल्नार यांनी घडवलेली ‘केमॅप’ची व्यवस्था. ३२-बिटी यंत्रावर कर्नेलला आपल्या थेट कक्षेबाहेरचे पान पाहायचे असल्यास, साध्या मांडणीत १०२४ खिडक्यांपैकी एक खिडकी त्यावर उघडावी लागे, आणि प्रत्येक खिडकीपाशी एक गणती असे. शून्य म्हणजे मोकळी, दोन म्हणजे एक वापरणारा. आणि एक म्हणजे वापरणारा कुणी नाही, पण नक्कल अद्याप पुसलेली नाही. काम संपले की गणती दोनावरून एकावर उतरे, शून्यावर नव्हे. पुढचा मागणारा पुढची खिडकी घेई, आणि फेरी पूर्ण होऊन आरंभ पुन्हा आला म्हणजेच साऱ्या ‘एक’वाल्या खिडक्या एकदम शून्य करून एकच पुसणी होई. येथे अडकवून ठेवला जातो तो पत्ता. खालचे पान तोवर दुसऱ्याला दिले तरी चालते, कारण सोडलेल्या पत्त्याला कर्नेल स्वतः शिवणार नाही, हा स्वतःवरचा विश्वासच जामीन असतो. २००८ साली निक पिगिन यांनी कर्नेलला स्मृती वाटून देणाऱ्या ‘व्हीमॅलॉक’च्या सोडलेल्या पत्त्यांना हाच कायदा लावला: त्यांची बेरीज ठरीव मर्यादेपलीकडे गेली की सर्वांची एकत्र निकाल-बाकी.

वापरकर्त्याच्या प्रक्रियेवर मात्र असा भरवसा टाकता येत नाही; जुन्या पत्त्यावर ती हवे तेव्हा लिहील. म्हणून दुसऱ्या वाटेवर अडकवून ठेवायचे असते ते पान. मेल गॉर्मन यांनी २०१५ साली स्मृती परत मिळवण्याच्या मार्गात पानापानाला निरोप धाडण्याऐवजी तुकडीतुकडीने निरोप धाडण्याची जी सुधारणा केली, तिचा सारा आधार एवढाच की तुकडीतले एकही पान पुसणीपूर्वी नव्या धन्याच्या हाती जात नाही, आणि ज्यावर लेखन शक्य होते ते पुसणीआधी डिस्ककडे रवाना होत नाही.

ही शर्त पाळण्यात किती बारीक चूक होऊ शकते, ते २०१८ साली ‘एमरिमॅप’ने दाखवले. प्रक्रियेची पाने एका पत्त्यावरून दुसऱ्यावर हलवताना कोष्टकाचे कुलूप आधी निघे आणि पुसणी नंतर होई. मधल्या अत्यल्प अवकाशात दुसऱ्या प्रोसेसरवरून तेच पान मुक्त होऊन परक्या हाती जाऊ शके, आणि जुनी नक्कल बाळगणारा त्यावर निर्धोक लिहू शके. जान हॉर्न यांनी हे छिद्र उघडकीस आणल्यावर टोरवाल्ड्स यांनी केलेल्या दुरुस्तीत पुसणी कुलपाच्या आत घेतली गेली. निरोप एकत्र करण्याची सवलत राहिली, पण तिची मुदत आता कुलूप निघण्यापूर्वीच संपते.