राखणार कोण?

ज्युबिली हा शब्द कानीं पडतांच आपणांपुढें घंटानाद, मिरवणूक, सणाची मिस्सा व मेजवानी हींच उभीं राहतात. परंतु पवित्र शास्त्रांतील लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायांत ज्युबिलीचा जो विधि सांगितला आहे, त्यांत मोठा मान जमिनीचा आहे. दर सातव्या वर्षीं जमीन पडीत ठेवावी, तिलाही शब्बाथ मिळावा. अशीं सात सप्तकें झालीं म्हणजे पन्नासावें वर्ष पवित्र मानून ज्याची जमीन त्यास परत द्यावी. कारण भूमि अखेर परमेश्वराची आहे व आपण तिच्यावर केवळ उपरे आहों, असा त्या विधीचा आशय आहे. त्यास धरून आमच्या शहापूर-मुरबाड भागांतील रानाविषयीं, आणि उघड्या माळांसाठीं सारें आयुष्य वेंचणाऱ्या एका धर्मगुरूविषयीं, चार शब्द लिहावे असें मनांत आलें.

आपल्या दोन्हीं तालुक्यांत पावसाची वाण नाहीं. वर्षास सुमारें अडीच हजार मिलिमीटर पाऊस येथें पडतो. शहापूर तालुक्यांतील तानसा धरण १८९२ सालीं पुरें झालें, व तेव्हांपासून मुंबईकर येथलें पाणी पीत आहेत; पुढें भातसाही त्याच कामीं आली. तरी चैत्र-वैशाखांत डोंगरपाड्यांवरील बायांना हंडाभर पाण्यासाठीं दूरवर चालावें लागतें, आणि कित्येक पाडे टँकरची वाट पाहत बसतात. कारण उघड आहे. सह्याद्रीच्या उतारावरील माती पातळ, तिच्याखालीं काळा पाषाण. वर झाडी व गवत दाट असेल तर पाणी रेंगाळतें व मुरतें; डोंगर बोडका झाला म्हणजे तेंच पाणी मातीसह भातसा व काळू ह्या नद्यांवाटें उल्हासेंत निघून जातें. राबासाठीं केलेली फांदेतोड, सरपण, वणवे व मोकाट चराई ह्यांचा भार त्याच उतारांवर पडतो, आणि अलीकडे बंगल्यांच्या भूखंडांचीही त्यांत भर पडली आहे. मात्र एक गोष्ट विसरूं नये: सरपण व चराई ह्यांवर जे जगतात, त्यांतील बहुतेकांना दुसरा आधार नसतो.

येथें माझी एक चूक कबूल करणें मला प्राप्त आहे. कांहीं वर्षांपूर्वीं एका पावसाळ्यांत आम्हीं चर्चमागील टेकडीवर करंज, चिंच, आवळा व जांभूळ ह्यांचीं दोनशें रोपें मोठ्या थाटानें लाविलीं. प्रार्थना झाली, भाषणें झालीं, छायाचित्रें निघालीं. सारें आटोपल्यावर शेजारच्या पाड्यावरील एक वृद्ध बाई मला म्हणाली, “फादर, झाडं लावलींत तें बरं केलंत, पण राखणार कोण?” मीं हंसून वेळ मारून नेली. दिवाळीपर्यंत निम्मीं रोपें बकऱ्यांनीं खाल्लीं. उरलेलीं होळीच्या सुमारास वणव्यांत गेलीं. पायथ्याशीं, त्या बाईच्या अंगणालगत असलेलीं चिंचेचीं दोन झाडें तेवढीं आज उभीं आहेत. घरचें सांडपाणी घालून तीं तिनेंच जगविलीं.

तिच्या ह्या प्रश्नाचें उत्तर शोधण्यांत ज्यांचें आयुष्य गेलें, ते फादर हर्मन बाखर हे स्वित्झर्लंडचे येशूसंघीय. त्यांचा जन्म १९२४ सालचा. देश स्वतंत्र होऊन वर्ष होतें न होतें तोंच, म्हणजे १९४८ सालीं, ते भारतांत आले व पुढील सुमारें साठ वर्षें त्यांनीं महाराष्ट्राच्या सेवेंत घालविलीं. त्यांचें कार्यक्षेत्र मुख्यतः अहमदनगर जिल्हा, ज्यास आतां अहिल्यानगर म्हणतात. तेथें पाऊस आपल्या पावसाच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास. फादरांनीं तेथें सोशल सेंटर ही संस्था उभारली, व आरंभीं लहान शेतकऱ्यांस विहिरींसारख्या साधनांचें साह्य दिलें. परंतु अनुभवानें त्यांस दिसून आलें कीं, डोंगरावरचें पाणी जमिनींत मुरलेंच नाहीं तर विहीर एकटी काय करील? माथ्यापासून पायथ्यापर्यंत साऱ्या पाणलोटाचा विचार झाला पाहिजे. आणि पाणलोट कोणा एकाच्या मालकीचा नसल्यामुळें तें काम साऱ्या गांवाचें झालें पाहिजे.

ह्या विचारांतून १९८९ सालीं भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाचा पाया घातला गेला. द्रव्य जर्मन सरकारचें, व्यवस्था नाबार्डकडे. १९९३ सालीं श्री. क्रिस्पिनो लोबो ह्यांच्यासह फादरांनीं वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट ही संस्था स्थापिली. ह्या कामाचें खरें बळ पैशापेक्षां अटींत होतें. गांवानें प्रथम श्रमदान करून आपली तयारी दाखवावी. कुऱ्हाडबंदी व चराईबंदी स्वतः ठरवावी. अकुशल मजुरीचा सुमारें सहावा हिस्सा आपल्या घामानें भरावा. आणि मागाहून देखभालही आपणच करावी. मग माथ्यावर समतल चर, उतारावर दगडी बांध, नाल्यांत मातीचे बांध, अशा क्रमानें काम खालीं उतरे. संगमनेर तालुक्यांतील दरेवाडी हें उन्हाळ्यांत टँकरवर जगणारें गांव. १९९६ नंतरच्या पांच वर्षांत तेथल्या बोडक्या डोंगरावर गवत आलें व विहिरींत पाणी टिकूं लागलें. वृद्धापकाळीं बाखर बाबा स्वदेशीं परतले, व १४ सप्टेंबर २०२१ रोजीं तेथेंच निवर्तले.

तथापि ह्या व्रताची एक कडू बाजू आहे. चराईबंदीचा पहिला चटका ज्याला शेत नाहीं, चार बकऱ्याच आहेत, त्यालाच बसतो. पाणी वाढल्यावर पहिला लाभ मात्र ज्याची विहीर आहे त्याचा. पोप फ्रान्सिस ह्यांनीं २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ ह्या विश्वपत्रांत धरणीचा आक्रोश व गरिबाचा आक्रोश एकत्रच ऐकावा असें शिकविलें, तें ह्याचसाठीं. म्हणून सारा डोंगर एकदम बंद करूं नये. एका वेळीं एकच भाग राखावा, आणि तेथलें गवत कापून नेण्याचा पहिला हक्क भूमिहीनांस द्यावा.

प्रिय धर्मग्रामस्थहो, ह्या ज्युबिलीनिमित्त पुन्हां रोपें लावूं या अशी सूचना पुष्कळांनीं केली आहे. माझी विनंती निराळी आहे. यंदा एकही रोप न लावितां त्याच टेकडीचा एक उतार आपण राखूं या. ती जमीन चर्चची असल्यामुळें पहिला त्याग चर्चनेंच करावा हें योग्य. तेथलें गवत विकून येणारी रक्कम ह्यापुढें आम्हांस नको, तें गवत बकऱ्या पाळणाऱ्या कुटुंबांनीं कापून न्यावें. होळीपूर्वीं जाळरेषा काढण्यास प्रत्येक घरानें चार दिवस द्यावे. त्यांतला पहिला दिवस माझा. मुळें जमिनींत शाबूत असलीं म्हणजे रान पुष्कळदां आपण होऊन वर येतें. त्यास हवी असते ती केवळ विश्रांति, आणि शास्त्रानें ज्युबिलीच्या वर्षीं जमिनीला दिलेली देणगी नेमकी तीच आहे.

ती वृद्ध बाई आज हयात नाहीं. चिंचेचीं तिचीं दोन झाडें मात्र मिस्सेस येतांना आपणां सर्वांस दिसतात. तिच्या प्रश्नाचें उत्तर देण्यास मला उशीर झाला. पण तें उत्तर मीं एकट्यानें द्यावयाचें नव्हतेंच.