धीटपणा येतो कुठून? – हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा

शिक्षकांच्या शिबिरात आम्ही साधनांविना करण्याजोगे प्रयोग दाखवतो. शेवटी एक प्रश्न हमखास येतो, ‘हे सगळे छान आहे हो, पण शाळेत करून पाहायला वरून परवानगी मिळेल का?’ विचारणारे शिक्षक आळशी नसतात, उलट पुढच्या रांगेत बसून टिपणे घेणारेच असतात. अशा वेळी आम्हाला हिप्परगा आठवते.

हिप्परगा (रवा) हे गाव आज धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यात येते. लोहारा म्हटले की विज्ञानाच्या वाचकाला ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप आणि उद्ध्वस्त सास्तूर आठवेल. त्या भूकंपाच्या ७२ वर्षे आधी, १९२१ मध्ये, व्यंकटराव देशमुख आणि अनंतराव कुलकर्णी यांनी हिप्परग्यात राष्ट्रीय शाळा काढली. असहकाराच्या त्या काळात अशा शाळा देशभर निघत होत्या. पण हा मुलूख निजामाच्या राज्यातला, तेव्हा येथील गोष्ट वेगळी होती.

हैदराबाद संस्थानात लिहितावाचता येणारी माणसे शंभरात जेमतेम पाच-सहा. वरच्या इयत्तांचे माध्यम उर्दू, आणि प्रजेतील बहुसंख्य लोक तेलुगू, मराठी किंवा कन्नड बोलणारे. आता येथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. याच सरकारने १९१७ मध्ये भाषांतराचे खाते उघडले, भौतिकी, रसायन, वैद्यक अशा विषयांची पुस्तके उर्दूत आणली आणि १९१८ मध्ये देशी भाषेतून उच्च शिक्षण देणारे उस्मानिया विद्यापीठ स्थापन केले. विज्ञान आपल्या भाषेतून शिकवता येत नाही असे म्हणणाऱ्यांना ते चोख उत्तर होते, आणि शिक्षणातले ते मोठेच धाडस होते. मात्र जे धाडस एका भाषेसाठी केले, ते बाकीच्या तीन भाषांच्या वाट्याला आले नाही. १९२४ च्या सुमारास खासगी शाळांना सरकारी परवानगीची अट लागली आणि बऱ्याच शाळा बंद पडल्या. सभा घ्यायची तरी परवानगी हवी. आमच्या शिबिरातला प्रश्न तेव्हाच्या शिक्षकाला किती पटींनी बोचत असेल याची कल्पना करावी.

हिप्परग्याच्या शाळेत १९२९ मध्ये मुख्याध्यापक म्हणून आले व्यंकटेश खेडगीकर. विद्यार्थी असतानाच त्यांनी असहकारात सरकारी शाळा सोडलेली. पुढे टिळक महाराष्ट्र विद्यापीठात त्यांनी लोकशाहीच्या विकासावर प्रबंध लिहिला. ना. म. जोशी यांच्याबरोबर कामगार चळवळीत असताना पक्षाघाताने गाठले आणि ते काम सुटले. वयाच्या पंचविशी-सव्विशीत, मोडलेल्या प्रकृतीनिशी हा माणूस एका खेड्यात शिकवायला आला. पुढे त्यांनी संन्यास घेतला आणि ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. संन्यास घेऊनही शाळा सोडली नाही, ही आम्हाला यातली विलक्षण गोष्ट वाटते. बाबासाहेब परांजपे यांच्यासारखे सहकारी तेथे होते. शिक्षक व विद्यार्थी एकत्र राहत. राजाच्या दरबारी नोकरी मिळवून देईल असा दाखला या शाळेकडे नव्हता. मुलगा येथे धाडायचा म्हणजे घरच्यांनी ती वाट सोडून द्यायची.

येथे आमच्यातला संशोधक जरा अडतो. हिप्परग्याने धीट माणसे घडवली असे सर्रास म्हटले जाते. पण ज्या घरांनी असली शाळा निवडली ती घरे आधीच धीट नसतील कशावरून? तुलनेसाठी दुसरा गट नाही, म्हणजे प्रयोग अपुराच. तरी इतिहासाने एक जोडप्रयोग करून ठेवला आहे. १९३५ मध्ये स्वामीजी आणि त्यांचे काही सहकारी हिप्परगा सोडून मोमिनाबादला, म्हणजे आजच्या अंबाजोगाईला, योगेश्वरी विद्यालयात गेले. गाव बदलले, मुले बदलली, पालक बदलले. तरी पुढच्या काही वर्षांत तेही विद्यालय चळवळीचे ठाणे बनले. बरोबर गेले होते ते शिक्षक. पुरावा म्हणून हे तोकडे आहे, पण दुर्लक्ष करण्याजोगे नाही.

मग धीटपणा फक्त राष्ट्रीय शाळांतच उगवत होता का? तसेही नाही. १९३८ मध्ये रामानंद तीर्थ स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहात तुरुंगात गेले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ‘वंदे मातरम्’ म्हणण्यावरून संप पेटला, तो सरकारी विद्यालयांत व वसतिगृहांत, उस्मानिया विद्यापीठात आणि औरंगाबादच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) इंटरमिजिएट कॉलेजात. ज्या संस्था आज्ञाधारक नोकर घडवायच्या, त्यांतलीच ही मुले. त्यांची नावे पटावरून काढली गेली. शिक्षण तेथेच संपते, तर पुढच्या वर्षी किती मुलांनी तोंड उघडले असते, हा प्रश्न आम्हाला महत्त्वाचा वाटतो. धाडस करणाऱ्याला पडल्यावर उतरायला जागा लागते. हिप्परग्यात ती जागा गावाने दिली होती, कारण सरकार नाराज झाले तरी शाळा गावातल्या माणसांनी चालवायची होती. १९३८ च्या विद्यार्थ्यांना ती संस्थानाच्या हद्दीबाहेर मिळाली. नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू टी. जे. केदार यांनी काढून टाकलेल्या मुलांना प्रवेश दिला. त्या नागपूरला गेलेल्या मुलांत वरंगळकडचा एक तरुण होता, पी. व्ही. नरसिंह राव. पुढे १९९१ मध्ये ते देशाचे पंतप्रधान झाले, आणि लोहारा-उमरगा भागात भूकंप झाला तेव्हाही तेच त्या पदावर होते.