मोटारसायकलस्वाराचे शिरस्त्राण

महायुद्धातून जे डोके सहीसलामत परतले ते गावाकडच्या शांत रस्त्यावर फुटावे, असा विचित्र योग टी. ई. लॉरेन्स यांच्या नशिबी आला. अरबस्तानातील पराक्रमाने जगप्रसिद्ध झालेले लॉरेन्स १३ मे १९३५ रोजी डॉर्सेट परगण्यात आपल्या ब्रफ सुपीरियर मोटारसायकलवरून घरी परतत होते. सायकलवरील दोन मुलांना चुकविताना ते रस्त्यावर फेकले गेले. डोक्यावर कसलेही आच्छादन नव्हते. शुद्धीवर न येताच, १९ मे रोजी, वयाच्या ४६ व्या वर्षी त्यांचा अंत झाला.

त्यांच्यासाठी बोलावलेल्या वैद्यांत ह्यू केर्न्स हे ऑस्ट्रेलियात जन्मलेले मेंदूचे शस्त्रवैद्य होते. या एकाच मृत्यूतून त्यांचे पुढील सारे संशोधन निघाले, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. खरी निकड निर्माण केली ती दुसऱ्या महायुद्धाने. दिवे मालवलेल्या रस्त्यांवरून खलिते पोचविणारे लष्करी स्वार धावू लागले. युद्धापूर्वीच्या २१ महिन्यांत ब्रिटनमध्ये मोटारसायकलवरील १,८८४ माणसे दगावली होती. युद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत २,२७९! केर्न्स यांनी १९४१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये हे आकडे मांडले. मृतांपैकी सुमारे दोनतृतीयांश लोकांच्या डोक्याला इजा झाली होती. उलट, शिरस्त्राण घालून अपघातात सापडलेले अवघे सात स्वार त्यांच्या पाहण्यात आले, सातही वाचले. सात ही संख्या ती काय? पण लष्कराला तेवढी पुरली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात लष्करी स्वारांना शिरस्त्राण सक्तीचे झाले.

शिरस्त्राणाने अपघात टळत नाही, आघाताची तीव्रता मात्र घटते. कठीण कवच तडाखा विस्तृत भागावर पसरविते आणि आतील पट्टे डोके किंचित सावकाश थांबवितात. ऑक्सफर्डमध्ये केर्न्स यांचे सहकारी, पदार्थविज्ञानवेत्ते होलबर्न यांनी जिलेटिनचा मेंदू करून पाहिला. डोके एकाएकी गरकन फिरले की आतील मृदू द्रव्य कसे पिळवटून निघते, हे त्यावरून दिसले. कवटी न तडकताही माणूस का मरतो, याचा उलगडा त्यात होता.

युद्ध संपल्यावर, १९४६ साली, केर्न्स यांनी महिन्यामहिन्याचे मृत्यू पुन्हा तपासले. सक्तीनंतर ते उतरत गेले होते. पेट्रोलटंचाईमुळे रस्त्यांवरील गाड्याच कमी झाल्या होत्या, हेही खरे; म्हणून सारे श्रेय शिरस्त्राणाला देता येत नाही. तरी साध्या नागरिकांनीही ते वापरावे, हे त्यांचे मत ठाम होते.

शर्यतपटूंना हे शहाणपण फार आधी सुचले होते. ब्रुकलंड्सच्या धावपट्टीवरील डॉ. एरिक गार्डनर यांच्या आग्रहाने आइल ऑफ मॅनच्या शर्यतीत १९१४ सालीच शिरस्त्राण सक्तीचे झाले होते. ब्रिटनमधील सामान्य स्वारासाठी तसा कायदा झाला तो १९७३ साली. केर्न्स १९५२ मध्येच निवर्तले होते.