संगणकाच्या स्क्रीनचा हवा तेवढाच भाग कसा घ्यावा?

नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे चार जिल्हे येतात. इथल्या विद्यार्थ्यांचे परीक्षा अर्ज आणि निकाल आता ऑनलाइन पाहिले जातात. लातूरला नीट आणि सीईटीच्या तयारीसाठी राहणाऱ्या मुलांचेही तसेच. निकाल लागला की त्याचा स्क्रीनशॉट लगेच घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जातो. पण पूर्ण स्क्रीन घेतली, तर गुणांसोबत अर्ज क्रमांक, जन्मतारीख आणि मोबाइल नंबरही जातात. अर्ज क्रमांक आणि जन्मतारीख मिळाली, तर काही परीक्षांचा निकाल कोणालाही उघडता येतो. म्हणून हवा तेवढाच भाग घेण्याची सवय चांगली.

विंडोज १० आणि ११

१. हवे ते पान स्क्रीनवर उघडून ठेवा.
२. विंडोज, शिफ्ट आणि एस ही तीन बटणे एकत्र दाबा. स्क्रीन थोडी काळपट होईल.
३. माउसचे डावे बटण दाबून धरा आणि हव्या त्या भागाभोवती चौकोन ओढा. बटण सोडताच तेवढा भाग कॉपी होतो.
४. व्हॉट्सॲप वेब, ईमेल किंवा वर्डमध्ये जाऊन कंट्रोल आणि व्ही दाबा.

फाइल म्हणून ठेवायची असेल तर कोपऱ्यात आलेल्या सूचनेवर क्लिक करून सेव्ह करा. विंडोज ११ मध्ये बहुधा ती ‘पिक्चर्स’मधल्या ‘स्क्रीनशॉट्स’ फोल्डरमध्ये आपोआप जमा होते.

विंडोज ७ च्या जुन्या संगणकावर स्टार्ट मेनूत ‘स्निपिंग टूल’ शोधा, ‘न्यू’ दाबा आणि चौकोन ओढा. फक्त समोरची एक विंडो हवी असेल, तर ऑल्ट आणि प्रिंट स्क्रीन ही बटणे पुरतात.

मॅक आणि उबुंटू

मॅकवर शिफ्ट, कमांड आणि ४ दाबून भाग निवडा. चित्र डेस्कटॉपवर येते. उबुंटूच्या २२.०४ आणि पुढच्या आवृत्त्यांत प्रिंट स्क्रीन दाबले की भाग निवडायची चौकट मिळते.

पान लांब असेल तर

निकालपत्र एका स्क्रीनमध्ये मावत नसेल, तर फायरफॉक्स किंवा एजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस दाबा. तिथे भाग निवडता येतो किंवा पूर्ण पानाचे चित्र घेता येते. अक्षरे स्पष्ट राहण्यासाठी पीएनजी प्रकार चांगला. व्हॉट्सॲपवर फोटोऐवजी ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवल्यास अक्षरे पुसट होत नाहीत.

आधी पूर्ण घेऊन मग कापले तर?

बहुतेक वेळा चालते, पण एकदा ते अंगाशी आले आहे. मार्च २०२३ मध्ये विंडोज ११ च्या स्निपिंग टूलमध्ये एक दोष उघडकीस आला. चित्र कापून त्याच फाइलवर सेव्ह केले, तर कापलेल्या भागाची माहिती फाइलमध्ये शिल्लक राहत होती आणि काही वेळा ती परत मिळवता येत होती. गुगलच्या पिक्सेल फोनमध्येही असाच दोष सापडला. दोन्ही कंपन्यांनी दुरुस्ती दिली, पण त्याआधी पाठवलेल्या फाइल दुरुस्त होत नाहीत. जो भाग मुळात घेतलाच नाही, तो परत निघण्याचा प्रश्नच नाही.

आधार क्रमांक झाकतानाही काळजी घ्या. हायलायटरचा रंग पारदर्शक असतो. काळ्या रंगाने झाकले तरी खालचे आकडे दिसत नाहीत ना, हे चित्र मोठे करून पाहा.

नेट कॅफेतून निघण्यापूर्वी

कॅफेतल्या किंवा ऑनलाइन सेंटरच्या संगणकावर काम झाले की ‘स्क्रीनशॉट्स’ आणि ‘डाउनलोड्स’ फोल्डरमधली आपली फाइल काढून टाका आणि रिसायकल बिन रिकामे करा. विंडोज आणि व्ही दाबल्यावर आधी कॉपी केलेली चित्रे दिसत असतील, तर ‘क्लिअर ऑल’ करा. शेवटी व्हॉट्सॲप वेबमधून लॉगआउट व्हा.

स्क्रीनशॉट कुठे चालत नाही?

‘महाभूलेख’ संकेतस्थळावर सातबारा मोफत दिसतो, पण तो केवळ माहितीसाठी असतो. बँकेत पीककर्जासाठी किंवा शासकीय कामासाठी त्याचा स्क्रीनशॉट देऊन भागत नाही. त्यासाठी ‘डिजिटल सातबारा’ पोर्टलवरून १५ रुपये भरून डिजिटल स्वाक्षरी असलेला उतारा डाउनलोड करावा लागतो. सातबाऱ्याचा स्क्रीनशॉट नाव किंवा क्षेत्र बरोबर आहे का, हे घरच्यांना दाखवण्यापुरता कामाचा. तोही आपल्या गटाच्या ओळींपुरताच घ्या.