नंदुरबार जिल्ह्यातील धान्यशेतीचे यांत्रिकीकरण

मशागत, पेरणी, काढणी व मळणी या कामांत यंत्रे आणि सुधारित अवजारे वापरून धान्याचे उत्पादन वाढवणे व नासाडी कमी करणे. 1 जुलै 1998 रोजी धुळ्यापासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात तापीकाठची सपाट काळी जमीन आणि सातपुड्याचे डोंगरउतार यांना एकच यंत्र चालत नाही.

पेरणी : यंत्राचा मोठा फायदा म्हणजे वेळ साधणे. वाफसा येताच मोठे क्षेत्र पेरून होते. ट्रॅक्टरच्या पेरणी यंत्राने बी व खत ठरावीक खोलीवर पडते, त्यामुळे बियाणे वाचते आणि उगवण एकसारखी होते. रुंद वरंबा-सरी यंत्राने पेरलेल्या मक्यात जादा पाणी सरीतून निघून जाते, वरंब्यात ओल टिकते.

काढणी व मळणी : गव्हाची कापणी आणि मळणी कम्बाइन हार्वेस्टरने एकदमच होते. रब्बीच्या दादर ज्वारीचे मात्र धान्याइतकेच कडब्यालाही मोल असते. म्हणून ताटे हाताने कापून फक्त कणसे मळणी यंत्रात घालणे हिताचे ठरते. ड्रमचा वेग जास्त असल्यास दाणे फुटतात, कमी असल्यास कणसातच राहतात. पंख्याचा झोत वाढल्यास दाणे भुशाबरोबर उडतात. साठवणीपूर्वी धान्यातील ओलावा सुमारे 12 टक्क्यांवर आणावा लागतो, अन्यथा कीड व बुरशी लागते.

डोंगरी भाग : अक्राणी व अक्कलकुव्यातील लहान, उताराच्या शेतांत दातेरी वैभव विळा, हातकोळपे आणि हाताने चालणारी मका सोलणी ही अवजारे अधिक उपयोगी पडतात. नवापूरच्या भातशेतीत पायाने चालवायचे मळणी यंत्र आणि पॉवर टिलर सोयीचे.

साहाय्य : 2014-15 पासूनच्या केंद्रीय कृषी यांत्रिकीकरण उपअभियानात अनुसूचित जाती-जमाती, महिला व अल्प-अत्यल्पभूधारकांना बहुतेक यंत्रांवर 50 टक्के, इतरांना 40 टक्के अनुदान कमाल मर्यादेत मिळते. आदिवासीबहुल नंदुरबारात ही तरतूद विशेष मोलाची आहे. तरीही वर्षातून काही दिवसच लागणारे महाग यंत्र लहान शेतकऱ्याला परवडत नाही. त्याच्यासाठी यंत्रे भाड्याने देणारी गावाजवळची अवजारे बँक अधिक उपयोगाची. प्रशिक्षण व प्रात्यक्षिकांसाठी कोळदे येथे कृषी विज्ञान केंद्र आहे.

सुरक्षा : मळणी करताना हात यंत्रात सापडून कायमचे अपंगत्व येऊ शकते. धोकादायक यंत्रे (विनियमन) अधिनियम, 1983 मळणी यंत्रांच्या सुरक्षिततेसाठीच झाला. पेंढी सरकवण्याच्या पन्हळीवर झाकण नसलेले यंत्र वापरू नये. सैल कपडे, हातातील कडी व अपुरा उजेडही टाळावा.